‘एंजल्स इन अमेरिका’ पहिल्यांदा बघणार असाल तर

२०१८ च्या मे महिन्यात मावशी आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आली होती. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिने तीसहून जास्त वर्षं स्टाफ नर्सची नोकरी केली. तिला न्यूयॉर्कमध्ये एक तरी नाटक बघायचं होतं, आणि मी तिला नेलं टोनी कुशनर यांच्या ‘एंजल्स इन अमेरिका’ला. दुपारी पहिला भाग, रात्री दुसरा. घरचे म्हणाले, साडेसात तास, तेही इंग्रजीतून, एड्सवरचं नाटक, अडुसष्ट वर्षांच्या बाईला? मावशी शेवटपर्यंत ताठ बसून होती. परतीच्या गाडीत ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही, पण ते पुढे.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलंय, बघायचं तर कसं बघायचं, आधी काय वाचायचं, झेपेल का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पहिलं काम: कुठे बघायचं ते ठरवा

हे नाटक लंडन, न्यूयॉर्क आणि इतर शहरांत पुन्हापुन्हा उभं राहतं. प्रत्यक्ष प्रयोग मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. तो मिळत नसेल तर लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगाचं चित्रीकरण बघा. दिग्दर्शन मॅरियान इलियट यांचं, एड्स झालेल्या प्रायरच्या भूमिकेत अँड्र्यू गारफील्ड, वकील रॉय कोहनच्या भूमिकेत नेथन लेन. हाच प्रयोग २०१८ मध्ये ब्रॉडवेच्या नील सायमन थिएटरात गेला; मावशीने आणि मी तोच पाहिला. नॅशनल थिएटरच्या नाटकांची चित्रीकरणं मुंबईत एनसीपीएमध्ये पडद्यावर दाखवतात, त्यामुळे तिथल्या वेळापत्रकावर नजर ठेवा. घरी बघायचं असेल तर ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ या त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे वर्गणी भरता येते किंवा एकेक नाटक भाड्यानेही घेता येतं. इंग्रजी सबटायटल्स चालू करून ठेवा, संकोच नको. न्यूयॉर्कच्या बोलीतली भरधाव वाक्यं कानाने पकडणं इंग्रजीत शिकलेल्यांनाही जड जातं.

तिसरा मार्ग म्हणजे माइक निकल्स यांनी २००३ मध्ये एचबीओसाठी केलेली मालिका. अल पचिनो, मेरिल स्ट्रीप, एमा थॉम्प्सन, सगळे मोठे लोक, आणि कामं अप्रतिम. तरीही सुरुवात तिथून करू नका असंच मी सांगेन. कॅमेरा तुम्हाला एका वेळी एकच चेहरा दाखवतो. या नाटकात बऱ्याचदा दोन घरं, दोन भांडणं, दोन खाटा एकाच वेळी रंगमंचावर असतात आणि कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवता. नाटकाचा अर्धा जीव तिथेच आहे. आधी रंगमंच, मग मालिका.

संहिता वाचणार असाल तर दोन्ही भाग एकत्र असलेली, २०१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. कुशनर दुसऱ्या भागावर वर्षानुवर्षं हात फिरवत राहिले, त्यामुळे जुन्या प्रतीत आणि आजच्या प्रयोगात फरक जाणवतो.

दोन्ही भागांची तिकिटं एकदमच काढा

पहिल्या भागाचं नाव ‘मिलेनियम अप्रोचेस’, दुसऱ्याचं ‘पेरेस्त्रोइका’. पहिला भाग बघून थांबणारे बरेच भेटतात. कारण समजण्यासारखं आहे. पहिला भाग घट्ट बांधलेला आहे, १९९३ चं पुलित्झर पारितोषिक त्या एका भागालाच मिळालं, आणि त्याचा शेवट इतका भव्य आहे की प्रेक्षक टाळ्या वाजवत बाहेर पडतो. दुसरा भाग सैल आहे, लांब आहे, मधूनच भरकटतो, पाच अंक आणि वर एक उपसंहार. तरीही मी वाद घालून सांगेन की दुसऱ्या भागाशिवाय पहिला अपुरा नव्हे, चुकीचा कळतो. पहिल्या भागात माणसं एकमेकांना सोडून जातात. सोडून गेल्यावर काय, हे सगळं दुसऱ्यात आहे.

एका दिवसात दोन्ही की दोन दिवसांत? प्रत्यक्ष प्रयोग असेल तर एकाच दिवशी. दुपारी भेटलेली माणसं रात्री पुन्हा भेटतात तेव्हा ती आपल्या ओळखीची झालेली असतात. शेजारच्या खुर्चीतली अनोळखी माणसंसुद्धा. घरी पडद्यावर असेल तर लागोपाठ दोन संध्याकाळी. मध्ये आठवडा गेला तर धागा सुटतो.

लांबीची भीती मात्र आपण बाळगू नये. १९९४ मध्ये महेश एलकुंचवार यांची वाडा त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग सादर केली तेव्हा मराठी प्रेक्षक दिवसाचा मोठा भाग नाट्यगृहात बसला होता. कोकणात दशावतार उजाडेपर्यंत चालतो. बसण्याची सवय आपल्याला आहे, फक्त बरीच वर्षं वापरलेली नाही.

आदल्या रात्री एवढं माहीत करून घ्या

नाटक ऑक्टोबर १९८५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये सुरू होतं. हा महिना लक्षात ठेवला की निम्मं नाटक आपोआप उलगडतं.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली. १९८२ मध्ये त्या आजाराला एड्स हे नाव मिळालं. मार्च १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली. एझेडटी या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली ती थेट मार्च १९८७ मध्ये, आणि आजार खरोखर आटोक्यात ठेवणारी एकत्रित औषधं यायला १९९६ उजाडलं. म्हणजे नाटकातली माणसं नेमकी अशा फटीत सापडली आहेत की चाचणी आहे आणि औषध नाही. आजार कळणार, आणि कळून उपयोग काही नाही. त्याच ऑक्टोबरच्या २ तारखेला नट रॉक हडसन एड्सने गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या आजाराचा पहिला जाहीर उल्लेख केला तो त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, पत्रकारांनी विचारल्यावर. तोवर हजारो माणसं मेली होती.

पहिल्या अंकात प्रायर आपल्या हातावरचा एक जांभळा डाग आपल्या जोडीदाराला, लुईला, दाखवतो. तो कापोसी सार्कोमा, एड्सच्या रुग्णांना होणारा त्वचेचा कर्करोग. १९८५ च्या प्रेक्षकाला तो डाग म्हणजे काय हे सांगावं लागलं नसतं. आपल्याला माहीत असायला हवं, नाहीतर तो क्षण गप्पांमध्ये निसटून जातो. मावशीने डाग दिसताक्षणी माझं मनगट धरलं होतं.

रॉय कोहन हा खरा माणूस. कम्युनिस्टांच्या मागे हात धुऊन लागलेल्या सिनेटर मॅकार्थींचा वकील आणि उजवा हात. हेरगिरीच्या आरोपावरून ज्यूलियस आणि एथेल रोझेनबर्ग या नवरा-बायकोला १९ जून १९५३ रोजी विजेच्या खुर्चीत मारलं गेलं, त्या खटल्यात तो सरकारी वकिलांपैकी एक होता. पुढे न्यूयॉर्कच्या श्रीमंतांचा वकील झाला. तरुण डोनाल्ड ट्रम्प त्याच्या अशिलांपैकी एक. जून १९८६ मध्ये त्याची सनद गेली आणि २ ऑगस्ट १९८६ रोजी तो एड्सने वारला. आपल्याला यकृताचा कर्करोग आहे असंच तो अखेरपर्यंत सांगत राहिला. नाटकातला रॉय याच हाडामांसावर उभा आहे. एथेल रोझेनबर्गचं भूत त्याच्या खोलीत येऊन बसतं तेव्हा ती कोण, हे माहीत असेल तर अंगावर काटा येतो.

मॉर्मन पंथाबद्दल दोन वाक्यं पुरतील. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ या तरुणाने सांगितलं की एका देवदूताने आपल्याला जमिनीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, आणि त्यातून हा पंथ उभा राहिला. पुढे त्यांचं केंद्र युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी झालं. नाटकातलं पिट कुटुंब तिथलं. ‘पेरेस्त्रोइका’ म्हणजे पुनर्रचना, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा शब्द. ते मार्च १९८५ मध्ये सत्तेवर आले होते, आणि दुसरा भाग क्रेमलिनमधल्या एका अतिवृद्ध बोल्शेविकाच्या, म्हणजे जुन्या रशियन कम्युनिस्टाच्या, भाषणाने उघडतो. गोंधळू नका, चुकीच्या नाटकाला आलेलो नाही.

ज्यूंमध्ये मृतासाठी म्हणायची प्रार्थना असते तिला कादिश म्हणतात. हा शब्द फक्त कानात असू द्या.

माणसांची नावं एका कागदावर लिहा

प्रायर आणि लुई, चार-साडेचार वर्षं एकत्र राहणारे. प्रायरला एड्स झालाय. जो पिट, वकील, न्यायालयात नोकरी, धार्मिक, रिपब्लिकन, स्वतःशीही खोटं बोलणारा. त्याची बायको हार्पर, जी गोळ्या खाते आणि घरात भास बघते. जोची आई हॅना. रॉय कोहन. बेलीझ, कृष्णवर्णीय, परिचारक, एकेकाळी प्रायरचा प्रियकर, आता जिवलग मित्र. आणि देवदूत.

हे आठ नट सगळ्या भूमिका करतात. हॅनाचं काम करणारी नटीच पहिल्या प्रवेशातला म्हातारा ज्यू धर्मगुरू असते, तीच रॉयचा डॉक्टर, तीच एथेल, तीच तो बोल्शेविक. हे माहीत नसेल तर “ही बाई मघाशी कोण होती?” यात दहा मिनिटं जातात. माहीत असेल तर वेगळीच गंमत आहे: ज्या चेहऱ्याने आजार सांगितला तोच चेहरा पुढे भूत होऊन येतो.

पडदा उघडला की खाटेवर नजर ठेवा

माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच. या नाटकात चर्चा फार. लोकशाही, वंश, देव, न्याय, रेगन. लुई तर बोलायला लागला की थांबत नाही. नवखा प्रेक्षक प्रत्येक वाक्य पकडायला जातो आणि तासाभरात दमतो. तुम्ही तसं करू नका. वाद डोक्यावरून गेले तर जाऊ द्या. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसलंय, कोण दारातच उभं आहे आणि कोण निघून गेलंय, एवढंच बघत राहा.

लुईचं प्रायरवर प्रेम आहे, त्यात खोट नाही. पण त्याला रक्त, उलटी, वास सहन होत नाही, आणि तो जातो. मराठीत आपण म्हणतो, सुखाचे सोबती सगळे. लुई इतका साधा नाही. तो स्वतःला माफ करत नाही आणि परतही येत नाही, आणि कुशनर त्याला खलनायक करून आपली सुटका करत नाहीत. त्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न खुर्चीत बसल्या बसल्या टोचत राहतो.

दुसरीकडे रॉयची खाट. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना चिरडलं, आणि रुग्णालयात त्याच्या वाट्याला येतो बेलीझ. रॉय त्याला रंगावरून इतकं घाणेरडं बोलतो की ऐकवत नाही. बेलीझही रॉयबद्दलचा द्वेष लपवत नाही. तरीही, औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना निव्वळ साखरेच्या गोळ्या दिल्या जातात, तू आपलं वजन वापर आणि खरं एझेडटी मिळव, हे त्याला बेलीझच सांगतो. रॉय तसं करतो आणि बाटल्यांचा साठा आपल्या खोलीत दडवून ठेवतो. बाहेर माणसं मरतायत, आणि इथे एका वजनदार माणसाकडे साठा. या बाटल्यांवर लक्ष ठेवा.

बेलीझच्या पहिल्याच रुग्णालयातल्या प्रवेशात मावशी माझ्या कानाशी म्हणाली, “हा खरा वॉर्डातला आहे गं.” मी विचारलं, कशावरून? म्हणाली, “बोलतोय तोंडाने कायपण, हात बघ त्याचे.”

हॅनाकडेही बघा. कोरडी, कडक, पंथाने जखडलेली बाई. तिच्याकडून तुम्ही काही अपेक्षा ठेवणार नाही. पुढचं सांगत नाही.

गोंधळ उडणाऱ्या जागा

हार्पर आणि प्रायर एकमेकांना कधीच भेटलेले नसताना एका प्रवेशात गप्पा मारतात. तिला गोळ्यांमुळे भास होतोय, त्याला स्वप्न पडलंय, आणि दोघं त्या सीमेवर भेटलेत. नाटकाचा नियम असा की त्या जागी माणसं एकमेकांबद्दलचं खरं ओळखतात. ते खरं मानून पुढे चला. हार्परला भासात दिसणारं अंटार्क्टिकाही तसंच.

देवदूत येतो तेव्हा तारा, दोऱ्या, ओढणारी माणसं दिसली म्हणून हिरमुसू नका. तारा दिसल्या तर दिसू द्या, उलट ते बरंच, असं नाटककारानेच लिहून ठेवलंय. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात काळ्या कपड्यातली माणसं देवदूताला अक्षरशः अंगाखांद्यावर वाहून नेत होती. बोहाडा, म्हणजे आदिवासींचा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, पाहिलेल्या माणसाला यात अवघड काही नाही.

पहिल्या भागातली दुभागलेली भांडणं, लुई-प्रायर एकीकडे आणि जो-हार्पर दुसरीकडे, वाक्यं एकमेकांत घुसलेली. तिथे शब्द सोडून द्या. चौघांच्या अंगाकडे बघा.

बरोबर कुणाला न्यावं

नाटकात नग्नता आहे, सेंट्रल पार्कमधला एक कठोर शारीरिक प्रवेश आहे, रक्त आहे, शिव्या आहेत. लहान मुलांसाठी नाही. वडीलधाऱ्यांना नेताना आधी स्पष्ट सांगा. मी मावशीला निम्मंच सांगितलं होतं, ते चुकलं. नग्नतेच्या प्रवेशात तिच्यापेक्षा मीच अवघडले. ती नंतर म्हणाली, “उघडी शरीरं बघण्यातच माझी नोकरी गेली.” घरात कुणी नुकतंच दीर्घ आजाराने गेलं असेल तर मात्र थोडा काळ थांबा. दुसऱ्या भागातले रुग्णालयातले प्रवेश फार जवळून जातात.

पोट, पाठ, पाणी

प्रत्येक भागात मध्यंतरं असतात. पहिल्या मध्यंतरात आधी स्वच्छतागृहाची रांग पकडा, चहा नंतर. कडेची खुर्ची मिळाली तर उत्तम. पाठीसाठी शाल गुंडाळून घ्या; वातानुकूलन कडक असतं, तेव्हा ती अंगावरही येते. बाहेरचं खाणं नाट्यगृहात चालत नाही, पण दोन भागांच्या मध्ये दोन-अडीच तास मिळतात. जड जेवू नका, रात्रीच्या तिसऱ्या अंकात डोळे मिटतील. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी नेली होती, जवळच्या एका चौकात बाकावर बसून खाल्ली. या वेळात फोनवर परीक्षणं वाचत बसू नका, पुढची गोष्ट फुटते. थोडं चाला.

न्यूयॉर्कला असाल आणि आदल्या दिवशी वेळ असेल तर सेंट्रल पार्कमधलं बेथेस्डा कारंजं बघून या. एमा स्टेबिन्स यांनी घडवलेला तिथला देवदूत १८७३ पासून उभा आहे. शहरात स्वच्छ पाणी आल्याची ती आठवण. का बघायचं ते नाटकच सांगेल.

संपल्यावर लगेच पांगू नका

रात्रीचे अकरा वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं ठेवू नका आणि परतीच्या वाटेवर बोलायला एक तरी माणूस बरोबर असू द्या.

मन थोडं निवळलं की आपल्याकडचंही वाचा, कारण ही गोष्ट परक्यांची नाही. भारतात पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. निर्मला यांनी शोधले, म्हणजे नाटक घडतं त्याच सुमारास. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्त तपासणीत विषाणू सापडला एवढ्याच कारणावरून, पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. सुटल्यावर त्याने अशाच रुग्णांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळायला २००४ उजाडावं लागलं. आज कुणाला चाचणीबद्दल, उपचारांबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

गाडीत मावशी न्यू जर्सीतलं एडिसन येईपर्यंत बोलत होती. नव्वदच्या आसपास तिच्या वॉर्डात एक मुलगा होता, ट्रकवर क्लीनर. त्याचं ताट कुणी हातात देत नसे, दारातून आत सरकवायचे. खाटेला मोठ्या अक्षरांत पाटी. तीही पहिले दोन दिवस दारातूनच बोलली, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्टूल ओढून बसली. तो म्हणाला, सिस्टर, जरा केस विंचरता का, आई यायचीय. मग आई आली का, असं मी विचारलं. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रोज विंचरायचे.”